अप्पा टायर कुणाला देत

साल दोन हजार एकवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या पिकअपचे टायर घासून गुळगुळीत झाले होते.

गाडी माझी होती आणि डायवरही मीच होतो. वालूरहून कापूस, हरभरा, कधी मंडपाचं सामान, कधी कुणाची म्हैस, मिळेल ते भाडं घेऊन मी मानवतला नाहीतर बोरीला जायचो. त्या वर्षी बोरीच्या रस्त्यावर एका पुलाजवळ गाडीचं डावं चाक रस्त्याखाली उतरलं आणि गाडी कलली. माल सांडला नाही, कुणाला लागलं नाही. चार माणसांनी खांदा लावला, गाडी वर आली. पण माझ्या मुलानं तेवढंच धरून ठेवलं.

"बाबा, तुमाला डाव्या अंगाचं दिसंना गेलंय," तो म्हणला. "आता गाडी मला चालवू द्या, न्हाईतर इकून टाकू."

मी म्हणलं, टायर गेलेत. दुसरं काही नाही.

हा वाद घरात झाला, शेतात झाला, शेवटी गावच्या हाटेलात चारचौघांपुढं झाला. तिथं मीच बोललो, "मानवतच्या अप्पाकडं जाऊ. अप्पांनी मला टायर दिले तर हातपाय चालतेत तवर गाडी मी चालवणार. न्हाई मनले तर त्या दिवसापासून डायवर तू. पुन्हा इषय न्हाई."

मुलगा लगेच हो म्हणला. हाटेलवाला चहा गाळता गाळता म्हणला, "काका, अप्पाच्या भरोशावर बोलू नका. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला टायर दिले न्हाईत."

ते खरं होतं. आणि म्हणूनच मी अप्पांचं नाव घेतलं होतं. मला असं वाटत होतं की सगळ्या जिल्ह्याला नाही म्हणणारा माणूस मला हो म्हणेल. कारण आमची ओळख जुनी होती आणि भांडण त्याहून जुनं होतं.

अप्पांचं दुकान मानवतला मोंढ्याकडं वळणाऱ्या रस्त्यावर होतं. लांबट पत्र्याची खोली, दारात एक हवेचं मशीन, आत भिंतीला टांगलेले टायर. पाटी नव्हती. एका कंपनीचा माणूस फुकट पाटी लावून द्यायला आला होता. अप्पांनी त्याला विचारलं, "पाटी कशाला?" तो म्हणला, "लोकांना दुकान कळायला." अप्पा म्हणले, "ज्याला एवढं दुकान दिसंना त्याला टायर देऊन मी कुठं पाठवू?" तो पाटी घेऊन परत गेला.

अप्पा उंच होते आणि कमरेत थोडे वाकलेले. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बंडी. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. सकाळची पूजा झाल्याशिवाय ते रबराला हात लावत नसत, आणि एकदा रबराला हात लावला की संध्याकाळी अंघोळ होईपर्यंत डबीला हात लावत नसत. टायर खोलताना डबी पुढं लोंबायला लागली की ती मनगटानं मागं सारायचे. दिवसभर हे चालायचं. नवीन टायर चाकावर चढवायच्या आधी त्याला आतल्या बाजूनं तीन बोटं भस्म लावायचे. बाहेरून लावलेलं मी कधी बघितलं नाही. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, आतून लावलेलं कुणाला दिसणार? अप्पा म्हणले, "तुला दाखवायला लावलंय का?"

हा माणूस आयुष्यात कधी स्टेरिंगवर बसला नाही. सायकलसुद्धा नव्हती. घर ते दुकान चालत, दुकान ते देऊळ चालत. एवढा चाकाचा धंदा आणि स्वतःला चाक नाही, याचं लोकांना नवल वाटायचं. मी एकदा विचारलं तर म्हणले, "चालवलं की झिजतं. मला बघवत न्हाई."

गिऱ्हाइकाला ते नावानं हाक मारत नसत, त्याच्या रस्त्यावरून मारत. कुणी पाथरीवाले, कुणी जिंतूरवाले. मी वालूरवाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

त्यांचे नियम होते. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चिकटवलेलं टायर, ते दुकानात येऊ देत नसत. "म्हाताऱ्याला बाशिंग बांधायचा धंदा हाय हा," असं म्हणायचे. फार दिवस पडून राहिलेलं नवीन टायरही विकत नसत. रबर बसल्या जागी म्हातारं होतं म्हणायचे, आणि तसलं टायर बैलगाडीला देऊन टाकायचे. बैलगाडी सावकाश चालते, तिला चालतं.

आणि टायर द्यायचे ते फक्त जोडीनं. चार एकदम कधीच नाही. आमच्याकडं गाडी विकायची असली की आधी चार नवे टायर टाकतात. बैल बाजारात न्यायच्या आधी शिंगं घासून तेल लावतात तसंच हे. अप्पांना ते ठाऊक होतं. एकदा मी दुकानात असताना एक माणूस आला, म्हणला चारी टायर पाहिजेत, लांबच्या भाड्याला जायचंय. अप्पांनी टायर काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं बघितलं?"

"जिंतूरचं हाय अप्पा," तो बोलून गेला.

दुकानातली माणसं हसायला लागली. तो माणूस लाजून उठला. अप्पा मात्र हसले नाहीत. "बैल जोडीनं घेतेत का चौकडीनं?" एवढंच म्हणले आणि टायर परत खुंटीला लावलं.

जोडी दिली तरी ती गाडीला कुठं लावायची ते अप्पाच ठरवायचे. आमच्या भागात सगळे डायवर नवी जोडी मागं टाकतात, कारण वजन मागं असतं. अप्पा पुढं टाकायला लावायचे. "मागचं फुटलं तर माल पडंल, पुढचं फुटलं तर तुमी," म्हणायचे. यावर मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. वाद कधी मिटला नाही आणि टायर मात्र दर वेळी पुढंच बसले.

पण ज्या गोष्टीसाठी अप्पा सगळीकडं माहीत होते ती वेगळीच. नव्या जोडीची मागणी आली की ते आधी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून रस्त्यावर जायचे. पुढं केबिनमध्ये नाही. मागं हौद्यात एक जुनं टायर आडवं टाकायचं, त्यावर बसायचं, आणि तोंड मागं करायचं. गाडी पुढं जायलेली आणि अप्पा मागं बघायलेले. मोंढ्यापासून निघाले की लोक दुकानांतून वाकून बघायचे. शाळेची पोरं हात हलवायची. अप्पा हात हलवत नसत. त्यांची नजर रस्त्यावर, चाकाच्या मागावर. पहिल्यांदा मी म्हणलं होतं, "अप्पा, पुढं बसा की." ते म्हणले, "पुढचा रस्ता डायवर बघतो. मागचा कुनीच बघत न्हाई."

गाडी कोणत्या अंगाला ओढते, वळणावर कुठं घासते, ब्रेक लागल्यावर चारी चाकं सारखी बसतात का, हे सगळं ते मागावरून बघायचे. मग दुकानात येऊन टायर निवडायचे. कधी सरळ रेघांचं, कधी खोल खाचांचं. कधी निवडायचेच नाहीत. समोरच्या दुकानाकडं बोट करून म्हणायचे, "तिथं मिळंल." याचा अर्थ नाही.

एकदा एका टमाटेवाल्याच्या गाडीत असेच बसले होते. हौद्याचा मागचा फाळका ढिला होता. गतिरोधकावर गाडी उडाली, फाळका पडला आणि अप्पा टायरसकट रस्त्यावर. टमाटेवाल्यानं आत गाणी लावलेली. त्याला पत्ताच नाही. सेलूला जाऊन त्यानं मागं बघितलं तर हौदा रिकामा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी वळवून आला तर अप्पा रस्त्याच्या कडेला उभे, डाव्या हातानं उजवा हात धरलेला, आणि खाली रस्त्याकडं बघायलेले.

"अप्पा, लागलं का?"

"लागलं. ते ऱ्हाऊ दे. तू इकडं ये आधी." त्यांनी त्याला वाकायला लावलं. "तुझं मागचं उजवं चाक तिरकं पळायलंय. वरून दिसत नव्हतं. पडलो म्हणून जवळून दिसलं."

हात गळ्यात बांधून त्यांनी तो सगळा हंगाम काढला. त्या हातानंही हौद्यात बसायचे, दुसऱ्या हातात फाळक्याची दोरी. त्यांच्या घरून निरोप यायचा की आता तरी पुढं बसा. बसले नाहीत.

आता कुणी विचारेल, एवढा तऱ्हेवाईक माणूस, मग लोक जायचे कशाला. जायचे, कारण अप्पांनी दिलेलं टायर चालायचं. जुनी गाडी घेणारा सुद्धा विचारायचा, "टायर अप्पाचे का?" हो म्हणलं की पुढचं बोलणं सोपं जायचं. अप्पांनी टायर दिलं याचा अर्थ त्यांनी गाडी बघितली, रस्ता बघितला आणि डायवरही बघितला.

मला त्यांनी एकदा नाही म्हणलं होतं. मी केबिनच्या वर माणूसभर कापूस भरून आणला होता. ते म्हणले, एवढा भरणार असाल तर टायर मिळणार नाही. मी म्हणलं, कापूस हलका असतो अप्पा. ते म्हणले, "उचलून दाखवा." मला राग आला. मी समोरच्या दुकानात गेलो, तिथून जोडी टाकली आणि मुद्दाम अप्पांच्या दारावरून हॉर्न वाजवत गाडी नेली. अप्पा बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले. मीही गाडी थांबवून हात जोडले. म्हणलं, चला, मोठा माणूस आहे, माघार घेतली.

"तुमाला न्हाई, वालूरवाले," अप्पा म्हणले. "टायराला."

ती जोडी वर्षभरही टिकली नाही. पण त्याला कारणं दुसरी होती. पुढच्या वेळी मी अप्पांकडंच गेलो. त्यांनी त्या गोष्टीचा शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही.

तर असा तो माणूस. त्याच्यापुढं मी माझी गाडी नेऊन उभी केली. कापसाची वेचणी संपली होती, हरभरा खळ्यावर आला होता. माझा मुलगा बरोबर होता.

अप्पांनी टायरांवरून हात फिरवला. अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. "हे तर गेले," म्हणले.

मी मुलाकडं बघितलं. म्हणलं, "ऐक."

"मी कुठं न्हाई मनलं?" मुलगा म्हणला. मग त्यानं अप्पांना हाटेलातलं सगळं बोलणं सांगितलं. पुलाजवळचंही सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. ते आत जाऊन एक जुनं टायर घेऊन आले आणि हौद्यात टाकलं. मुलगा वर चढायला हात द्यायला गेला, तो त्यांनी घेतला नाही.

मी गाडी वालूरच्या रस्त्याला काढली. त्या दिवशी जेवढी सांभाळून चालवली तेवढी मी कधी चालवली नसेल. वळणावर हॉर्न, गतिरोधकाला गाडी मांजरावाणी. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, त्याला जागा दिली आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध आलो. आरशात अप्पांची पाठ आणि टोपी तेवढी दिसत होती. मुलगा डाव्या बाजूला गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. एकदा त्याचा पाय आपोआप खाली दाबला गेला, जसा काही तिथं ब्रेकच आहे. मी म्हणलं, "काय झालं?" तो म्हणला, "काही न्हाई. चला."

मला खात्री होती की मी परीक्षेत पास झालो आहे.

थोड्या वेळानं केबिनच्या पत्र्यावर टकटक झाली. मी गाडी उभी केली. अप्पा फाळक्यावरून खाली उतरले होते.

"या," ते म्हणले आणि आलो त्या दिशेनं मागं चालायला लागले. आम्ही दोघं त्यांच्या मागं.

त्या रस्त्याचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंच्या साईडपट्टीवर मऊ माती टाकलेली आणि तिचा घोटाभर फुफाटा झालेला. डाव्या बाजूच्या फुफाट्यात एका चाकाचा माग होता. तो डांबरावरून खाली उतरला होता, बराच लांब सरळ गेला होता, वर आला होता आणि पुढं पुन्हा उतरला होता. दुसऱ्या गाड्यांचेही माग होते, पण त्यांत नक्षी उमटली होती, रेघा होत्या, गोट्या होत्या. या मागात काहीच नव्हतं. फीत अंथरावी तसा सपाट. ज्या टायरला नक्षी उरली नाही त्याचाच असा उमटतो.

"हा कुनाचा?" अप्पा म्हणले.

मी म्हणलं, "टायर घसरतेत म्हणूनच तर आलाव तुमच्याकडं."

"घसरलेलं चाक माती पुसत जातं, वालूरवाले. हे चालत गेलंय."

"समोरून टॅक्टर आला होता. त्याला साईड दिली."

अप्पांनी मुलाकडं बघितलं. मुलगा खाली बघत म्हणला, "टॅक्टर लय मागं भेटला, अप्पा. त्या वडापशी."

मी वडाकडं बघितलं. वड लांब होता. मी रस्त्याच्या मधोमध आहे असं मला वाटलं होतं त्या सगळ्या जागेत तो माग खाली फुफाट्यात होता. एके ठिकाणी तर खडीच्या ढिगाला वीतभर अंतर सोडून गेला होता. तो ढीग मी बघितला नव्हता. ढीग म्हशीएवढा होता.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आठवून सांगता आलं असतं की सूर्य डाव्या अंगाला होता, की आरशाला धूळ होती.

अप्पांनी मग एक केलं. पायातली चप्पल आडवी धरून ते त्या मागावरून चालायला लागले आणि तो पुसायला लागले. सावकाश, ढिगापासून थेट गाडीपर्यंत. धोतराच्या काठावर माती उडत होती. मुलानं विचारलं, "अप्पा, कामून पुसायलाव?"

"तुमच्या गावची मानसं ह्याच रस्त्यानं येतेत," अप्पा म्हणले.

परतीला गाडी मीच चालवली. कुणी मला उतर म्हणलं नाही. मीही दिली नाही. पण मी चाक डाव्या कडेपासून इतकं लांब ठेवलं की समोरून येणारे हॉर्न वाजवत होते.

दुकानात आल्यावर अप्पांनी हात धुतले, पुन्हा काळे केले. खुंटीवरून दोन प्रकारचे टायर काढून जमिनीवर उभे केले. एक सरळ रेघांचं, एक खोल खाचांचं. मग म्हणले, "हं वालूरवाले, बोला. रस्ता कोनता धरताव? वजन काय?"

हे ते मला दर वेळी विचारायचे. मी तोंड उघडलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते माझ्याकडं बघत नाहीत. ते माझ्या मुलाकडं बघत होते.

मुलगा माझ्याकडं बघत होता.

"त्याला काय इचारताव?" मी म्हणलं. "गाडी माझी हाय."

"गाडी तुमचीच हाय."

"मग?"

"टायर तुमाला देत न्हाई. तुमच्या पोराला देतो." अप्पा हे हवा भरायची गोष्ट सांगावी तसं बोलले. "रबर माझ्याकडं मिळतं, वालूरवाले. डोळा मिळत न्हाई. तो दवाखान्यात बघा."

मी म्हणलं, "समोरच्या दुकानात मिळतेत मला टायर."

"मिळतेत," अप्पा म्हणले.

मी समोरच्या दुकानाकडं बघितलं. ते उघडं होतं. पाच-सात पावलं चालायचं होतं. पण मी हाटेलात चारचौघांपुढं शब्द दिला होता, आणि तो कुणी माझ्याकडून मागितला नव्हता, मीच दिला होता. मी तिथंच उभा राहिलो.

मग मुलगा बोलायला लागला. बोरीचा रस्ता, मानवतचा रस्ता, कापूस, हरभरा. अप्पांनी विचारलं, उतारावर कोणता गेर टाकतो, भरलेली गाडी कशी थांबवतो. त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं. मीच शिकवलेलं होतं. शेवटी त्यानं सरळ रेघांच्या टायरवर हात ठेवला. म्हणला, "हे जास्ती दिवस जाईल."

"बोरीच्या अलीकडं काळी जमीन हाय," मी म्हणलं. "पावसाळ्यात त्या रेघांत चिखल भरून बसंल. मग ब्रेक मारून बघ."

"डायवरनं इचारलं तर सांगा," अप्पा म्हणले, माझ्याकडं न बघता.

मुलानं दोन्ही टायरांत बोट घालून बघितलं. मग म्हणला, "बाबा, कोनतं घेऊ?"

"खाचांचं घे."

त्यानं खाचांचं घेतलं. अप्पांनी जोडी चढवली, पुढच्या बाजूला. त्या दिवशी पुढं का मागं यावर मी वाद घातला नाही, तरी ते मान्य केलं असं कुणी समजू नये. आतून भस्म लावलं, नट आवळले, हवा बघितली. मग दोन लिंबं आणून दोन्ही नव्या चाकांपुढं ठेवली. आमच्याकडं नवं चाक आधी लिंबावरून जातं. डायवर केबिनमध्ये बसतो, गाडी चालू करतो आणि हळूच पुढं घेतो. ही रीत सगळ्यांना माहीत आहे. अप्पा बाजूला होऊन उभे राहिले.

मी उभा होतो. मुलगा उभा होता. गाडीचं उजवं दार उघडं होतं. मोंढ्यातून येणारा एक हातगाडीवाला वाट अडली म्हणून थांबला आणि आमच्याकडं बघायला लागला. अप्पांनी मनगटानं डबी मागं सारली.

"बस की," मी मुलाला म्हणलं. "लिंबं सुकतेत."

तो बसला. लिंबं चिरडली. हातगाडीवाला गेला.

मी म्हणलं, मला मोंढ्यात काम आहे, तू हो पुढं. मोंढ्यात माझं काही काम नव्हतं. मुलगा गाडी घेऊन गेल्यावर मी आणि अप्पा दुकानापुढं टायरांवर बसलो. त्यांनी माझ्याकडं बघून एकदाच विचारलं, "राग आला का?"

"आला."

"येऊ द्या," म्हणले आणि कुणाचं तरी पंक्चर काढायला उठले.

मी एसटीनं वालूरला आलो. खिडकीशी बसलो होतो, डाव्या बाजूला. साईडपट्टीवरचा पुसलेला पट्टा कुठं येतो ते बघायचं ठरवलं होतं. तो आला की गेला मला कळलं नाही. त्या डोळ्याचं पुढं काय झालं ते इथं सांगायचं कारण नाही.

अप्पा आता नाहीत. पत्र्याच्या खोलीत मोबाईलचं दुकान आहे, त्याला मोठी पाटी आहे. टायर लोक आता चारी एकदम घेतात, फोनवर भाव विचारून. हौद्यात कुणी उलटं बसत नाही. मला विचाराल तर मी आजही म्हणतो की टायर खराबच होते. अप्पांनीच सांगितलं होतं, हे तर गेले. पुढचं जे त्यांनी सांगितलं तेही मी वर लिहिलं आहे.

त्या रात्री घरात गाडीचा विषय निघाला नाही. जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीला हरभरा न्यायचा होता. मी नेहमीसारखा आधी उठलो. गाडी धुतली, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, पोत्यांवर दोरी आवळली. मुलगा चहा पिऊन आला आणि उजव्या बाजूनं वर चढला. मी पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेलो, आत बसलो आणि दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा जोरात ओढलं. तरी लागलं नाही.

"थोडं उचलून ओढा, बाबा," मुलगा म्हणला.

इतकी वर्षं गाडी माझी होती, पण ते दार कसं लागतं ते मला माहीत नव्हतं. मी उचलून ओढलं.